सिरॅमिक कलावंतांसाठी प्रदर्शने आणि स्पर्धा : संधी-नोंदवहीच्या प्रकल्प नोंदी

3 फेब्रुवारी

नोंदवहीचे काम आज सुरू झाले. मातीत काम करणाऱ्या आमच्या गटात प्रत्येकाकडे स्पर्धांची आणि प्रदर्शनांची आपापली टिपणे आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी स्पर्धेचे नाव, अर्जाची शेवटची तारीख आणि पारितोषिकाची रक्कम एवढेच लिहिलेले दिसते, आणि तेवढ्यावरून अर्ज करावा की नाही हे ठरवता येत नाही. निवड झाल्यावर काम पाठवण्याचा खर्च कोणी करायचा, वाटेत ते फुटले तर भरपाई कोण देणार, प्रदर्शन संपल्यावर ते परत येणार की तिथेच राहणार, आणि परीक्षक प्रत्यक्ष वस्तू पाहणार की केवळ तिची छायाचित्रे, या चार प्रश्नांची उत्तरे नियमावलीत असतात; मात्र ती बहुधा शेवटच्या पानांवर असतात आणि घाईत वाचायची राहून जातात.

नोंदवहीतील रकाने याच चार प्रश्नांपासून सुरू करायचे आणि पारितोषिकाची रक्कम सर्वांत शेवटी लिहायची, असे ठरले. नोंदवही उपयोगी पडते की नाही हे पाहण्यासाठी गटातील एका सहकाऱ्याचे नियोजित काम हाताशी घ्यायचे आहे. तीन भागांत रचले जाणारे, स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या) मातीचे, हाताने उभारलेले ते उंच शिल्प कल्पनेपासून पेटीत बंद होईपर्यंत या नोंदींत राहील.

8 फेब्रुवारी

पहिली सविस्तर नोंद इटलीतील फाएन्झाच्या पारितोषिकाची केली. ही स्पर्धा 1938 मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली आणि 1963 पासून आंतरराष्ट्रीय झाली. ती ज्या संग्रहालयाशी जोडलेली आहे त्याची स्थापना गाएतानो बाल्लार्दीनी यांनी 1908 मध्ये केली. दुसऱ्या महायुद्धात, मे 1944 मधील बॉम्बहल्ल्यात, त्या संग्रहालयाची इमारत आणि संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला, आणि पुढे देशोदेशींच्या संस्थांनी व कलावंतांनी दिलेल्या कामांतून संग्रह पुन्हा उभा राहिला. पाब्लो पिकासो यांनीही त्यासाठी आपली सिरॅमिक कामे दिली होती.

हा इतिहास नोंदवहीत लिहिण्यामागे कारण आहे. फाएन्झात मुख्य पारितोषिक मिळवणारे काम संग्रहालयाच्या मालकीचे होते, आणि या पारितोषिकाचा खरा मानही त्यातच आहे: इटलीचे सिरॅमिक शिल्पकार कार्लो झाउली यांच्यासारख्यांची कामे जिथे आहेत त्या संग्रहात आपली वस्तू कायमची जाऊन बसते. पारितोषिकाची रक्कम म्हणजे एका अर्थाने त्या कामाची किंमतच असते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी कलावंताने एकच विचार करावा, की हे काम कायमचे देऊन टाकण्याची आपली तयारी आहे का. पुढच्या मालिकेसाठी जवळ ठेवायचे असलेले, किंवा दुसऱ्या प्रदर्शनासाठी शब्द दिलेले काम अशा स्पर्धेला पाठवू नये.

‘मालकी’ हा रकाना आता तीन प्रकारांत विभागला आहे: काम परत येते, केवळ पारितोषिकप्राप्त काम आयोजकांकडे राहते, आणि निवडलेले प्रत्येक काम आयोजकांकडे राहते. तिसऱ्या प्रकारासमोर आम्ही लाल खूण करतो. त्या अटीत गैर काही असतेच असे नाही, परंतु ती माहीत नसताना अर्ज होता कामा नये.

11 फेब्रुवारी

जपानमधील मिनो स्पर्धेची नोंद केली. गिफू प्रांतातील ताजिमी शहरात 1986 पासून दर तीन वर्षांनी भरणाऱ्या महोत्सवाचा ती भाग आहे, आणि अराता इसोझाकी यांनी रचलेल्या, 2002 मध्ये खुल्या झालेल्या सिरॅमिक्स पार्क मिनो या संकुलात तिचे प्रदर्शन मांडले जाते. 2020 ची फेरी महामारीमुळे 2021 मध्ये झाली आणि त्यानंतरची 2024 मध्ये. मिनोची निवड दोन टप्प्यांत होते: पहिल्या फेरीत छायाचित्रे पाहिली जातात, आणि त्यातून निवडलेली कामे दुसऱ्या फेरीसाठी प्रत्यक्ष पाठवावी लागतात.

दोन टप्प्यांची ही पद्धत आणखीही पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या फेरीत परीक्षक पडद्यावर चित्र पाहतात, दुसऱ्या फेरीत तेच परीक्षक वस्तूभोवती फिरतात. छायाचित्रात उठून दिसणारी झिलई (मातीवरचा काचेसारखा लेप) जवळून पाहिल्यावर पिनहोलनी, म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांनी, भरलेली निघाली, किंवा चित्रात भव्य वाटलेले काम टेबलावर ठेवल्यावर फार लहान वाटले, तर दुसरी फेरी तिथेच संपते. याउलट छायाचित्रावरच संपूर्ण निर्णय होणाऱ्या स्पर्धांत पोत, वजन, आतल्या बाजूची हाताळणी, तळाची सफाई यांना जवळपास काहीच वाव मिळत नाही. शांत, मंद पृष्ठभागाचे आणि हातात घेतल्यावरच उलगडणारे काम करणाऱ्यांनी प्रत्यक्ष परीक्षणाच्या स्पर्धांना प्राधान्य द्यावे, असे माझे ठाम मत आहे आणि तसा शेरा नोंदवहीत लिहिला आहे.

15 फेब्रुवारी

दक्षिण कोरियातील ग्योंगी सिरॅमिक बिएनाले (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन; 2001 पासून, इचॉन, योजू आणि ग्वांगजू ही तिची तीन केंद्रे), तैवानमधील यिंगे सिरॅमिक संग्रहालयाची बिएनाले (संग्रहालय 2000 मध्ये उघडले, बिएनाले 2004 मध्ये सुरू झाली) आणि पोर्तुगालमधील आवेइरोची बिएनाले (1989 पासून) यांच्या नोंदी झाल्या. बिएनाले म्हटली की तिथे अर्ज करता येतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात काही वेळा खुली स्पर्धा असते, तर काही वेळा निमंत्रक स्वतः कलावंत निवडून प्रदर्शन रचतो आणि अर्जाचा मार्गच नसतो. यिंगेत हे दोन्ही प्रकार होत आले आहेत. म्हणून ‘खुली’ आणि ‘निमंत्रित’ असा वेगळा रकाना घातला.

20 फेब्रुवारी

पात्रतेचा रकाना भरण्यात दिवस गेला. जर्मनीतील ह्योर-ग्रेन्झहाउझेन येथील वेस्टरवाल्ड पारितोषिक 1973 पासूनचे आणि प्रतिष्ठित आहे. तो परिसर राखाडी-निळ्या, मीठ-झिलईच्या (भट्टीत मीठ टाकून मिळणाऱ्या झिलईच्या) स्टोनवेअरसाठी ओळखला जातो. परंतु अशा अनेक पारितोषिकांना वास्तव्याची, नागरिकत्वाची किंवा वयाची अट असते. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे 2009 पासून भरणाऱ्या ब्रिटिश सिरॅमिक्स बिएनियलचा मुख्य पुरस्कार ब्रिटनमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेतील सिरॅमिक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद (1966 मध्ये स्थापन) दरवर्षी वेगळ्या शहरात अधिवेशन भरवते आणि त्या आठवड्यात शहरभर सिरॅमिकची प्रदर्शने लागलेली असतात. तिथले विद्यार्थ्यांचे परीक्षित प्रदर्शन मात्र तिथल्या शिक्षणसंस्थांत शिकणाऱ्यांपुरतेच आहे. नियमावलीतील पात्रतेचे कलम सर्वांत आधी वाचले, तर पुढच्या मेहनतीचा पुष्कळ भाग वाचतो.

26 फेब्रुवारी

आज आकाराच्या अटीवर काम केले. नोंदवहीतील सर्वांत उपयोगी पान हेच ठरेल असे वाटते, कारण चित्रकाराला किंवा लाकडात काम करणाऱ्याला जो प्रश्न पडत नाही तो इथे पडतो: आपली वस्तू भट्टीत लहान होते.

नियमावलीत दिलेली मापे भाजून तयार झालेल्या कामाची असतात आणि बैठक, पाया, सुटे भाग हे सर्व त्यात धरलेले असते. उंचीची मर्यादा 60 सेंटिमीटर आहे असे धरू. सहकारी वापरत असलेल्या मातीची चाचणी-पट्टी करून तिच्यावर ओली असताना 10 सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या होत्या. अंतिम भाजणीनंतर ते अंतर 8.8 सेंटिमीटर भरले. म्हणजे एकूण आकुंचन 12 टक्के. 60 ला 0.88 ने भागले की सुमारे 68 येतात, म्हणजे ओल्या मातीत 68 सेंटिमीटरपर्यंत उभारता येईल. परंतु उंच कामात वरच्या भागाचा भार खालच्या भिंतीवर येतो, त्यामुळे उभ्या दिशेतील आकुंचन आडव्यापेक्षा थोडे अधिक किंवा असमान होऊ शकते, आणि भाजताना तळ किंचित बसतो. म्हणून आम्ही 66 हा आकडा धरला. त्यातून 58 सेंटिमीटरचे काम मिळते आणि बैठकीच्या पातळ पट्टीला जागा उरते.

चाचणी-पट्टी त्याच मातीच्या त्याच गोळ्यातून आणि त्याच तापमानाला भाजलेली हवी. कोन 6 आणि कोन 10 (भाजणीची पातळी दाखवणारे क्रमांक) यांत सुमारे साठ अंशांचे अंतर आहे, आणि तेवढ्याने आकुंचनात फरक पडतो. पिशवीवर छापलेली टक्केवारी सर्वसाधारण असते. आपल्या भट्टीचा आकडा आपणच काढावा.

वजनाचेही असेच आहे. ओल्या मातीच्या वजनातील साधारण चौथा भाग वाळताना आणि भाजताना निघून जातो. वजनाची मर्यादा असेल तर ओले काम तोलून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि भाजल्यावर किती उतरेल हे आधीच काढता येते.

4 मार्च

एकच वस्तू विषय म्हणून देणाऱ्या स्पर्धांचे पान उघडले. स्वित्झर्लंडमधील कारूझच्या स्पर्धेने हा प्रकार परिचित केला. ज्यांचे काम वापराच्या भांड्यांचे आहे त्यांना शिल्पांच्या गर्दीत न्याय मिळत नाही अशी तक्रार असते. अशा स्पर्धांत सर्वांचे मोजमाप एकाच वस्तूवर होते, आणि तोटीतून धार कशी पडते, झाकण कसे बसते, पकड हाताला कशी लागते हे परीक्षकांना पाहावेच लागते. मोठी भट्टी नसलेल्यांसाठी आणि पाठवणीचा खर्च मर्यादित ठेवू इच्छिणाऱ्यांसाठीही हा मार्ग चांगला आहे.

13 मार्च

लोएवे प्रतिष्ठानाच्या हस्तकला पारितोषिकाची नोंद केली. ते केवळ सिरॅमिकचे नाही. लाकूड, वस्त्र, लाख, काच, धातू अशी सर्व माध्यमे तिथे एकत्र पाहिली जातात. 2016 मध्ये घोषित झालेले हे पारितोषिक 2017 पासून दिले जाते आणि त्याची रक्कम 50,000 युरो आहे. 2018 मध्ये जेनिफर ली यांना, आणि पुढे 2023 मध्ये एरिको इनाझाकी, 2024 मध्ये आन्द्रेस आन्झा आणि 2025 मध्ये कुनिमासा आओकी यांना ते मिळाले. हे चौघेही मातीत काम करणारे आहेत, आणि ही बाब मला फार आनंदाची वाटते.

मात्र चौघांच्या कामांत साम्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ली यांची भांडी मातीतच रंगद्रव्ये मिसळून, झिलईशिवाय केलेली, अत्यंत संयत असतात. इनाझाकी असंख्य सूक्ष्म भाग एकमेकांवर रचतात. आन्झा यांचे काम काट्यांनी झाकलेली, माणसाच्या उंचीची आकृती आहे. आओकी मातीच्या वळ्या एकावर एक रचून त्यांना दाबाखाली आपोआप वाकू देतात. समान धागा एवढाच, की प्रत्येकाने एकच पद्धत वर्षानुवर्षे लावून धरली आहे. ‘परीक्षकांना काय आवडते’ असा रकाना नोंदवहीत घालावा अशी सूचना आली होती, ती याच कारणाने मी स्वीकारली नाही.

22 मार्च

शिल्पाचे तिन्ही भाग उभे राहिले असून झाकून सावकाश वाळत आहेत. जोडांच्या ठिकाणी चीर नाही. दरम्यान अर्ज-शुल्काचे पान लिहिले. शुल्क आकारणे हे मुळात संशयास्पद नाही. परीक्षण, जागा आणि मांडणी यांना खर्च येतो. संशय तेव्हा घ्यावा, जेव्हा परीक्षकांची नावे दिलेली नसतात, प्रदर्शनाचे ठिकाण आणि तारखा स्पष्ट नसतात, मागील फेरीतील कलावंतांची यादी कुठेही सापडत नाही, आणि ‘निवड’ झाल्यानंतर भिंतीच्या किंवा टेबलाच्या जागेसाठी, पुस्तिकेतील पानासाठी वेगळी रक्कम मागितली जाते. अशा निमंत्रणांत अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची निवड होते आणि ज्याला काही अर्थ आहे असा शेरा कलावंताच्या परिचयपत्रात जमा होत नाही. पडताळणीचा सोपा मार्ग म्हणजे मागील फेरीत सहभागी झालेल्या कलावंताला सरळ विचारणे.

9 एप्रिल

कच्ची भाजणी (झिलईआधीची पहिली भाजणी) व्यवस्थित पार पडली. छायाचित्रणाची तयारी म्हणून जुन्या कामांवर प्रयोग केले. झिलईदार पृष्ठभागावर दिव्याचा पांढरा ठिपका उमटतो आणि नेमका तिथलाच रंग नाहीसा होतो. दिव्यासमोर मोठा अर्धपारदर्शक पडदा लावल्यावर तो ठिपका पसरून मऊ उजेडाची पट्टी होते, आणि तीच पट्टी मग आकाराची गोलाई सांगते. मागे राखाडी रंगाचा, वर गडद होत जाणारा कागद ठेवला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सेलेडॉनच्या (फिकट हिरवट झिलईच्या) कडा हरवतात आणि काळ्यावर टेनमोकूच्या (गडद काळपट-तपकिरी झिलईच्या). कॅमेरा तिकाटण्यावर, भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 11 ते 16 च्या दरम्यान, म्हणजे पुढची कडा आणि मागची कडा दोन्ही स्पष्ट येतात. पहिल्या चित्रात राखाडी कार्ड ठेवून रंग जुळवून घेतले.

चित्रांची निवडही ठरवली. एक पूर्ण दर्शन, एक दुसऱ्या बाजूचे, एक जवळून. जवळच्या चित्राने नवीन काही सांगितले पाहिजे. पहिलेच चित्र कापून मोठे केलेले नको. मोठ्या फाइली स्वतःजवळ ठेवाव्यात आणि प्रत्येक स्पर्धेच्या मापाप्रमाणे प्रती काढाव्यात, कारण पिक्सेलची आणि फाइलच्या नावाची अट न पाळणारे अर्ज संगणकीय प्रणाली स्वीकारतच नाही.

28 एप्रिल

अंतिम भाजणी झाली. बैठकीसह उंची 59 सेंटिमीटरच्या आत आहे. सहकाऱ्याने निवेदनाचा मसुदा दाखवला. त्यात मातीशी असलेल्या नात्याबद्दल बरेच होते. माझ्या मते तिन्ही भाग वेगवेगळ्या दिशांनी का झुकले आहेत आणि मधला भाग झिलईशिवाय का ठेवला आहे, एवढेच लिहिले तर परीक्षकांना काम पाहण्यास मदत होईल. तांत्रिक माहिती स्वतंत्र ओळीत द्यावी: मातीचा प्रकार, घडणीची पद्धत, तापमान, भट्टीतील वातावरण, वर्ष, मापे. तिन्ही भाग कसे जोडायचे याचे रेखाचित्रही जोडले, कारण मांडणी करणाऱ्या माणसाने हे शिल्प याआधी कधीही पाहिलेले नसेल.

12 मे

पेटी बांधली. यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवला होता आणि तो सर्व लागला.

प्रत्येक भागासाठी वेगळी आतली खोकी केली. फोमचे जाड तुकडे वस्तूच्या आकाराप्रमाणे कापून घेतले, आणि सर्व आधार भिंतीच्या भक्कम भागावर येईल, पुढे आलेल्या नाजूक कडांवर कसलाही दाब पडणार नाही, अशी खाचांची रचना केली. थर्माकोलचे सुटे दाणे वापरले नाहीत. प्रवासातील हादऱ्यांनी जड वस्तू त्यांतून हळूहळू खाली सरकते आणि शेवटी पेटीच्या तळाला टेकते. आतली खोकी आणि बाहेरची पेटी यांच्यामध्ये सर्व बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर फोम आहे. झाकण खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवले, कारण हीच पेटी परतीच्या प्रवासालाही वापरली जाणार आहे आणि खिळे काढताना बसणारे हातोड्याचे धक्के आतल्या कामालाही बसतात. खोकी उघडण्याचा क्रम दाखवणारी छायाचित्रे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली.

लाकडाबाबत एक नियम महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत कच्च्या लाकडाच्या पेटीला वनस्पती-आरोग्याचे आयएसपीएम 15 हे मानक लागू होते: लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का असलेले लागते, नाहीतर पेटी सीमेवर अडकू शकते. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून पेटी प्लायवूडची आहे.

14 मे

सीमाशुल्काची कागदपत्रे आणि विमा. सिरॅमिकच्या शोभेच्या वस्तू सीमाशुल्काच्या वर्गीकरणात 6913 या शीर्षकाखाली येतात, पोर्सेलिनची भांडी 6911 खाली, इतर सिरॅमिक भांडी 6912 खाली, आणि मूळ शिल्पे 9703 खाली. कोणते शीर्षक लागू होते यावर शुल्क अवलंबून असते, म्हणून आयोजकांनी सांगितलेला वर्गच बीजकावर लिहावा. काम प्रदर्शनानंतर परत येणार असेल तर 1961 च्या करारानुसार चालणारे एटीए कार्ने हे तात्पुरत्या निर्यातीचे कागदपत्र उपयोगी पडते. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. प्रदर्शनात काम विकण्याची इच्छा असेल तर मात्र हा मार्ग सोयीचा नाही.

विम्याबाबत दोन बाबी तपासायच्या. आयोजकांचा विमा प्रदर्शनाच्या दालनापुरता आहे की येण्याजाण्याच्या प्रवासालाही लागू आहे, आणि ‘अपुऱ्या वेष्टनामुळे झालेले नुकसान’ त्यातून वगळलेले आहे का. हा अपवाद बहुधा असतोच. म्हणून बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवले आहे.

23 मे

निवासवृत्तींचे (एखाद्या केंद्रात ठरावीक काळ राहून काम करण्याच्या संधींचे) पान जोडले, कारण काही स्पर्धांत पारितोषिक म्हणून निवासवृत्तीच मिळते. नेदरलँड्समधील युरोपियन सिरॅमिक वर्कसेंटर, जपानमधील शिगाराकी येथील केंद्र, अमेरिकेतील आर्ची ब्रे प्रतिष्ठान (1951) ही परिचित नावे. जिनिव्हा येथे 1952 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सिरॅमिक अकादमीची आणि 2018 मध्ये जयपूर येथे पहिल्यांदा भरलेल्या भारतीय सिरॅमिक ट्रिएनालेची (दर तीन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनाची) नोंदही याच पानावर तूर्त ठेवली आहे.

9 जून

अर्ज गेला आहे. नोंदवही गटातील सर्वांना वापरासाठी दिली. प्रत्येक नोंदीसमोर ती शेवटची कधी पडताळली याची तारीख आहे, आणि एका फेरीच्या नियमांवरून पुढच्या फेरीचे नियम गृहीत धरू नयेत अशी सूचना पहिल्याच पानावर आहे.

उरलेले काम वेळापत्रकाचे. मिनोच्या तीन वर्षांच्या क्रमाने पुढची फेरी 2027 मध्ये येते. प्रवेशाची तारीख जाहीर होईपर्यंत थांबल्यास मोठ्या कामाला वेळ उरत नाही, म्हणून उलट दिशेने मोजणी केली: अर्जाआधी छायाचित्रण, त्याआधी अंतिम भाजणी आणि एका फेरभाजणीपुरती मोकळी जागा, त्याआधी कच्ची भाजणी, आणि तिच्याही आधी जाड भिंतींच्या कामासाठी वाळण्याचे कित्येक आठवडे. दमट हवेच्या महिन्यांत हा काळ आणखी वाढतो. ज्यांना त्या फेरीत भाग घ्यायचा आहे त्यांनी आपल्या मातीची चाचणी-पट्टी याच महिन्यात भाजून आकुंचनाचा आकडा नोंदवहीत लिहावा, असे सर्वांना कळवले आहे.